सुप्रा, 1994

न्यू जर्सीतल्या एका धर्मादाय संस्थेत मी वाहनदानाचं काम बघते. ऐकायला भारदस्त वाटतं, पण बहुतेक वेळा हे भंगाराचंच काम असतं. गिअरबॉक्स गेलेली मिनीव्हॅन, आजोबांची वीस वर्षं जुनी कॅमरी, आरसा तुटलेली पिकअप. लोक फॉर्म भरतात, आम्ही फुकटात टो ट्रक पाठवतो, गाडी लिलावयार्डात जाते, चार-सहाशे डॉलर येतात आणि दात्याला पावती जाते. सगळी व्यवस्था अशी बांधलेली आहे की कुणाला गाडी बघावीच लागत नाही.

म्हणून त्या दिवशी सकाळी यादीवरून नजर फिरवताना मी एका ओळीवर थबकले. टोयोटा, सुप्रा, 1994, टर्बो, सहा गिअर मॅन्युअल, 31 हजार मैल. 'गाडी चालते का?' या प्रश्नासमोर लिहिलं होतं, 'बहुतेक. बरेच दिवस चालवलेली नाही.' टो ट्रक दुपारी एकला ठरला होता.

मी आधी टो रद्द केला, मग दात्याला फोन लावला. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण टोवाला फार वक्तशीर असतो.

पलीकडे सत्तरीच्या आसपासच्या एक बाई होत्या. गाडी त्यांच्या दिवंगत नवऱ्याची. गॅरेज रिकामं करायचं होतं आणि पैसे चांगल्या कामाला लागावेत एवढीच इच्छा. "शेजारचा मुलगा 35 हजार द्यायला तयार आहे," त्या म्हणाल्या, "म्हणजे जुन्या टोयोटाला बरेच झाले, नाही का?" मी म्हटलं, आज कुणालाच काही देऊ नका, मी येतेय.

सोबत आमचे एक स्वयंसेवक होते, आयुष्यभर जपानी गाड्यांचं गॅरेज चालवून निवृत्त झालेले. वाटेत ते एकच गोष्ट घोकत होते: "टर्बो असेल तर खरंच टर्बो आहे का ते बघायचं." सुप्रा म्हणजे टोयोटाची स्पोर्ट्स कार. या पिढीची सुप्रा अमेरिकेत 1993 ते 1998 एवढीच विकली गेली, आणि दोन प्रकारांत. साध्या तीन लिटर इंजिनाची, आणि त्याच मापाच्या पण दोन टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवणारे पंखे, लावलेल्या इंजिनाची, 320 अश्वशक्तीची. बाहेरून दोन्ही जवळपास सारख्याच. किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक, त्यामुळे साध्या गाडीत मागाहून टर्बो बसवून 'टर्बो' म्हणून विकणारेही असतात.

गॅरेजचं शटर वर गेलं. काळी गाडी, वर चादरीचं आवरण, चारी टायर दबलेले. शेजारचा तो मुलगाही हजर होताच. "चालू करून बघू या का? माझ्याकडे जंपर केबल आहे." आमचे मेकॅनिक त्याच्या आणि बॅटरीच्या मध्ये जाऊन उभे राहिले. टाकीतलं पेट्रोल शिळं होऊन त्याचा चिकटा बनलेला असतो. तो पंपातून इंजेक्टरमध्ये ढकलायचा आणि वर जुन्या टायमिंग बेल्टवर इंजिन फिरवायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. शेवटपर्यंत त्यांनी किल्लीला हात लावू दिला नाही.

मग त्यांनी जे केलं ते बघत राहावं असं होतं. आधी इंजिनाच्या खोलीतली पत्र्याची पट्टी: तिच्यावर गिअरबॉक्सचा सांकेतिक क्रमांक असतो. V160, म्हणजे टर्बोबरोबर येणारा, गेट्राग या जर्मन कंपनीचा सहा गिअरचा बॉक्स. साध्या गाडीत W58 असता. मग बॉनेट, दोन्ही फेंडर, दारं, बंपर. चोरीला आळा बसावा म्हणून चोरांच्या आवडत्या मॉडेलांच्या प्रत्येक मोठ्या भागावर गाडीचा ओळखक्रमांक छापलेलं स्टिकर कारखान्यातच लागतं. भाग बदलला असेल तर नव्या भागावर तो क्रमांक नसतो, त्याऐवजी R आणि DOT अशी अक्षरं असतात. ते गुडघ्यांवर बसून टॉर्च मारत एकेक स्टिकर वाचत गेले आणि मी क्रमांक जुळवत गेले. सगळे जुळले. रंगाची जाडी मोजायचं यंत्र फिरवलं, तेही सगळीकडे एकसारखं. म्हणजे गाडी कधी ठोकलेली नाही, कधी रंगवलेली नाही.

"आणि कुणी हातही लावलेला नाही," ते म्हणाले. मला वाटलं, हे तर उघडच आहे. पण ते मूळचे टर्बो, मूळचा एक्झॉस्ट याबद्दल बोलत होते. या इंजिनाचा ओतीव लोखंडी ब्लॉक इतका दणकट की दुप्पट ताकद काढली तरी सोसतो. म्हणूनच बहुतेक मालकांनी दोन टर्बो काढून एक मोठा बसवला, कॉम्प्युटर बदलला, स्प्रिंगा कापल्या. कारखान्यातून निघाली तशीच राहिलेली गाडी दुर्मीळ झाली ती यामुळे.

खरं काम मात्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर झालं.

बाईंनी एक फाइल आणली. 1994 मधलं नवी गाडी घेतल्याचं बिल, चाळीस हजारांच्या घरातलं. त्यानंतरच्या प्रत्येक ऑइल बदलाची पावती. त्यांची समजूत अशी की गाडीची आज जी किंमत होईल तेवढी करात वजावट मिळेल. ही समजूत सगळ्यांचीच असते. पूर्वी लोक भंगार गाडी देऊन किंमत-पुस्तकातला छान भाव लावायचे. 2005 पासून ते बंद झालं. 500 डॉलरपेक्षा जास्त वजावट मागायची असेल आणि संस्था ती गाडी न वापरता, फारशी न सुधारता विकणार असेल, तर विक्रीत येईल तेवढीच रक्कम धरायची. आमच्या यार्डातून ही सुप्रा गेली असती तर एखाद्या भंगार व्यापाऱ्याने लावलेली बोली हीच तिची किंमत ठरली असती. बाईंसाठीही, आमच्यासाठीही.

त्यापुढचा नियम कमी जणांना ठाऊक असतो. भाव चढलेली वस्तू संस्थेने नुसती विकून टाकली, तर दात्याला चढलेल्या भावाची वजावट मिळत नाही, मूळ खरेदी किमतीचीच मिळते. म्हणजे गाडी लाखाला गेली तरी बिलावरचे चाळीस हजारच. संस्थेने ती स्वतःच्या कामासाठी वापरली तर गोष्ट वेगळी. उदाहरणार्थ, ऑटोमोबाइल शिकवणाऱ्या शाळेने ती शिकवायला ठेवली, आणि तीन वर्षांच्या आत विकली नाही, तर पूर्ण बाजारभाव धरता येतो. हा पर्याय मी सांगितला. बाई हसायलाच लागल्या. "मुलं ती खोलतील? अहो, मला ती धुवायचीही परवानगी नव्हती."

मी मालकीचा कागद मागितला. त्यावर फक्त नवऱ्याचं नाव होतं. दोन वर्षांपूर्वी ते गेले, पण नाव बदलायचं राहूनच गेलेलं. माझ्या दृष्टीने ही त्या दिवसातली सगळ्यात मोठी घडामोड होती, कारण वारशाने आलेल्या वस्तूची 'खरेदी किंमत' म्हणजे 1994 चं बिल नाही, मालक गेला त्या दिवशीचा बाजारभाव. चाळीस हजारांची मर्यादा एका झटक्यात वर सरकली. संयुक्त नाव असतं तर या राज्यात अर्ध्याच हिश्श्याला हा लाभ मिळाला असता. मी बाईंना सांगितलं, मी तुमची करसल्लागार नाही, तुमच्या सीएला विचारा. त्यांनी तिथल्या तिथे फोन स्पीकरवर टाकला. सीए जरा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "ती गाडी तुमच्याकडे अजून आहे?"

सीए त्याच फोनवर आणखी एक गोष्ट बोलले, जी मी नाहीतरी सांगणारच होते, आमच्या संचालकांना आवडो न आवडो. मृत्यूच्या दिवसाचा भाव हाच खर्च धरला जात असेल, तर बाईंनी गाडी स्वतः विकली तरी भांडवली नफ्यावर कर जवळपास शून्य. स्वतः विका, हवे तेवढे ठेवा, हवे तेवढे आम्हाला द्या. सगळे देऊन टाकले तरी एका वर्षात उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांपर्यंतच वजावट घेता येते आणि उरलेली पुढची पाच वर्षं ओढत न्यावी लागते. पेन्शनवर राहणाऱ्या माणसाची एवढी मोठी वजावट कधीकधी वापरून संपतच नाही.

बाई फाइल बंद करून म्हणाल्या, "माझ्याच्याने विकवणार नाही. लोक येणार, बसणार, इंजिन गुरगुरवणार. तुम्ही विका, सगळे तुमचे." आणि एक अट: घेणाऱ्याने तिच्यात काही बदलू नये. ती अट मला कागदावर घेता येत नव्हती. दान एकदा दिलं की दिलं, विकत घेणाऱ्याचे हात आम्ही बांधू शकत नाही. एवढंच म्हटलं की जाहिरातीत ही सगळी फाइल टाकते, म्हणजे मूळ गाडी हवी असणारेच जास्त पैसे मोजतील आणि टर्बो उपटणारे स्वस्तातली शोधतील.

पुढचे महिने कागदांचे. काउंटीच्या सरोगेट कचेरीचा, म्हणजे वारसाहक्काचं काम बघणाऱ्या कचेरीचा, दाखला, मालकी बाईंच्या नावावर, मग आमच्या. संचालकांना 'नेहमीच्या यार्डात का नको' हे पटवणं. त्यांना मी 2019 सालच्या स्कॉट्सडेलच्या लिलावाची आठवण दिली, जिथे नव्या पिढीच्या सुप्राची पहिली गाडी 21 लाख डॉलरना गेली आणि सगळी रक्कम धर्मादायाला मिळाली. तुलना जरा लबाडीचीच होती. तिथे बोली लावणारा गाडीइतकाच दानालाही पैसे मोजत होता. पण संचालकांचं मन वळलं. मेकॅनिकनी टाकी उतरवली, बेल्ट, होज आणि टायर बदलले. एवढ्या देखभालीला करखातं 'सुधारणा' मानत नाही, त्यामुळे हिशेब बदलला नाही.

हौशी लोकांच्या ऑनलाइन लिलावात बोली 1 लाख 18 हजारांवर थांबली. शेजारच्या मुलाने 60 हजारांपर्यंत पाठलाग केला होता, हे मला नंतर कळलं. बाईंचा 1098-सी फॉर्म, म्हणजे वाहनदानाची करासाठीची पावती, विक्रीपासून तीस दिवसांच्या आत पाठवायचा असतो. मी त्याच आठवड्यात पाठवला.

पावती मिळाल्यावर त्यांचा फोन आला. नवऱ्याच्या हिवाळी कोटाच्या खिशात दुसरी किल्ली सापडली होती, आणि तिचीही वजावट मिळेल का असं त्या अगदी गंभीरपणे विचारत होत्या.