तुम्ही विचारलंत म्हणून: हा कॉव्हेंट्री कोण?

पुण्या-नाशकाहून कोणी मेलबर्नला आलं की आम्ही त्यांना एकदा तरी डॉकलंड्सच्या स्टेडियमवर फूटी, म्हणजे इथला ऑस्ट्रेलियन फुटबॉल, बघायला नेतो. तिथे मैदानाच्या एका टोकाला लॉकेट एन्ड म्हणतात, दुसऱ्याला कॉव्हेंट्री एन्ड. मध्यंतरात गरम चिप्स फुंकत पाहुणे हमखास विचारतात, "हा कॉव्हेंट्री कोण हो?" मी म्हणतो, "१२९९ गोल मारणारा." त्यावर सगळे माझ्याकडे संशयाने बघतात. गोल म्हणजे काय, रन आहेत का ते?

तर आधी खेळ. इथे गोलकीपर नसतो. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोघांतून चेंडू लाथेने गेला की गोल, सहा गुण. बाजूच्या फटीतून गेला तर एकच. आणि लांबून लाथाडलेला चेंडू हवेतल्या हवेत झेलला तर तो 'मार्क'. मग कोणी अंगावर येत नाही, सावकाश नेम धरून मारायचं. गॉर्डन कॉव्हेंट्रीचं सारं भांडवल यातच होतं. दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघे टेकून उंच उडणारे लोक टाळ्या घेतात. हा तसला नव्हता. अंगाने जागा अडवायची आणि भल्यामोठ्या पंजांत चेंडू धरायचा. एकदा धरला की सुटत नसे.

मेलबर्नच्या ईशान्येला डायमंड क्रीक आहे, तेव्हा फळबागांचं गाव. गॉर्डन तिथला, १९०१ चा. १९२० मध्ये तो मेलबर्नच्या कॉलिंगवुड क्लबकडून खेळू लागला. दोन वर्षांनी मोठा भाऊ सिड त्याच क्लबात आला, आणि १९२७ पासून कप्तान झाला. १९२७ ते १९३० अशी सलग चार वर्षं कॉलिंगवुडने अजिंक्यपद घेतलं. तसं आजवर दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही. लोक गॉर्डनचे आकडे घोकतात, पण माझ्या मते त्या संघाचा कणा सिड होता. १९२७ चं ब्राउनलो पदक, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचं, तेही त्याचंच. धाकट्याने पुढे गोलजवळ उभं राहायचं आणि थोरल्याने मधल्या हाणामारीतून चेंडू काढायचा, अशी घरची वाटणीच म्हणा ना.

त्याच वर्षीची फायनल पावसात झाली. रिचमंडविरुद्ध कॉलिंगवुडने २५-१३ असा विजय मिळवला. जिथे शंभर गुण सहज होतात तिथे हे आकडे! चिखलात कॉलिंगवुडचे अख्ख्या सामन्यात दोन गोल, दोन्ही गॉर्डनचे. पुढच्या वर्षी त्याच रिचमंडविरुद्ध फायनलमध्ये एकट्याने नऊ. १९२९ मध्ये हंगामात १२४. व्हिक्टोरियन लीगमध्ये, म्हणजे हे क्लब खेळत त्या स्पर्धेत, शंभरी ओलांडणारा तो पहिलाच. १९३० मध्ये फिट्झरॉयविरुद्ध एका सामन्यात सतरा.

पण पाहुण्यांना मी सांगतो ती गोष्ट गळवांची. १९३६ साली रिचमंडशी सामना होता आणि गॉर्डनच्या मानेवर गळवं आली होती. ज्याला कधी झाली असतील त्याला ठाऊक, नुसती सदऱ्याची कॉलर लागली तरी जीव कळवळतो. रिचमंडच्या जो मर्डॉकचा मार नेमका तिथेच बसला. गॉर्डनने उलटून ठोसा लगावला. सोळा-सतरा वर्षांत एकदाही तक्रार नसलेला माणूस. तरी शिक्षा झाली आठ सामन्यांची. त्या वर्षी कॉलिंगवुडने अजिंक्यपद जिंकलं, याच्याविना. मला विचाराल तर आठ फार झाले.

वैतागून त्याने खेळ सोडायचं ठरवलं होतं. मनधरणी झाल्यावर १९३७ मध्ये परतला आणि पस्तिशीत लीगमध्ये सर्वाधिक गोल मारून थांबला. ३०६ सामने, १२९९ गोल.

हा आकडा ६२ वर्षं टिकला. १९९९ च्या जूनमध्ये सिडनीच्या टोनी लॉकेटने तेराशेवा मारला, माणसं कुंपणावरून उड्या टाकत मैदानात धावली. समोरचा संघ होता कॉलिंगवुड. लॉकेट कोण, हा पाहुण्यांचा पुढचा प्रश्न असतो, पण तोवर तिसरा क्वार्टर सुरू झालेला असतो.