फीचं खातं कोल्हापुरात, डिग्री म्हणे इंग्लंडची

मी कोल्हापुरात एका बँकेत कर्ज विभागात आहे, शैक्षणिक कर्जाच्या फायली माझ्याच टेबलावर येतात. जून-जुलैत तर रीघच लागलेली असते. त्यातली एक केस मुद्दाम लिहितेय, कारण आपल्या भागात परदेशी डिग्रीची ब्रोशर घेऊन फिरणारे वाढलेत आणि त्यावर विश्वास ठेवून आईबाप थेट जमिनीचे कागद घेऊन येतात, ते बघून जीव तुटतो.

शिरोळ तालुक्यातलं कुटुंब. पोरगी स्टॅटिस्टिक्स घेऊन बीएस्सी झालेली, मार्क एकदम चांगले. सोबत वडील आणि गळ्यात आयकार्ड घातलेला एक तरुण, तो संस्थेचा कौन्सिलर. कोर्स म्हणजे डेटा सायन्समधलं मास्टर्स, पहिलं वर्ष कोल्हापुरातच, दुसरं वर्ष इंग्लंडमध्ये, आणि डिग्री तिकडच्या विद्यापीठाची. कर्ज हवं १८ लाख.

काकांनी बसायच्या आधीच पिशवीतनं सातबारा काढला. "मॅडम, जमीन लावून घ्या, पर पोरीचं शिक्षान थांबाय नको. ऊस हाय, बिल आलं की हप्ता भरतोय." मी सांगितलं की काका, साडेसात लाखांच्या वर तारण लागतंच, पण कर्ज थकलं तर गहाण मालमत्ता बँकेला कोर्टात न जाता विकता येते तो सरफेसी कायदा शेतजमिनीवर चालत नाही म्हणून या कर्जाला आम्ही ती घेत नाही. गावातलं घर २०१९ च्या महापुरात गेलं होतं, नवीन बांधलंय, ते लावू म्हणाले. पुराचं पाणी बघितलेला माणूस ते घर पोरीसाठी गहाण टाकायला तयार होता, हे डोक्यात ठेवूनच मी पुढचे कागद वाचायला घेतले.

ऑफर लेटर विद्यापीठाचं नव्हतंच. संस्थेच्या लेटरहेडवर कोपऱ्यात विद्यापीठाचा लोगो आणि खाली 'यांच्या सहकार्याने'. चला, ते एकवेळ असू दे. पण फी भरायच्या खात्याचा तपशील बघितला आणि मी थांबले. परदेशी शिक्षणाचं कर्ज असलं की फी आम्ही विद्यार्थ्याच्या हातात देत नाही, परदेशात पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म भरून घेतो आणि स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेतनं, थेट विद्यापीठाच्या खात्यात पाठवतो. इथं दोन्ही वर्षांची फी कोल्हापुरातल्याच एका प्रायव्हेट लिमिटेडच्या करंट खात्यात भरायची होती. मग इंग्लंडला काय जाणार आणि कोण पाठवणार?

कौन्सिलरला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, नवीन शैक्षणिक धोरण आलंय, आता परदेशी विद्यापीठांना सगळं ओपन आहे." हे अर्धंच खरं आहे आणि माणसं फसतात ती या अर्ध्यामुळंच. २०२० च्या धोरणात परदेशी विद्यापीठांना दार उघडायचं म्हटलंय, बरोबर, पण त्यानंतर युजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, नियम केलेत की. २०२२ चे नियम भारतातल्या आणि परदेशातल्या संस्थांनी मिळून चालवायच्या ट्विनिंग, जॉइंट आणि ड्युअल डिग्रीचे. ट्विनिंगमध्ये डिग्री भारतातलीच संस्था देते आणि परदेशातले क्रेडिट ३० टक्क्यांच्या वर जात नाहीत. जॉइंटमध्ये एकाच सर्टिफिकेटवर दोघांची नावं, ड्युअलमध्ये दोन वेगळ्या डिग्र्या. पण या तिन्हीत इकडची बाजू मान्यताप्राप्त विद्यापीठ किंवा कॉलेजच लागते, गाळा भाड्याने घेतलेली कंपनी नाही चालत. २०२३ चे नियम कॅम्पसचे, म्हणजे परदेशी विद्यापीठ स्वतः इथं येऊन शिकवणार, तेही युजीसीची परवानगी घेऊन. आणि फ्रँचायझी पद्धतीने, म्हणजे विद्यापीठाचं नाव घेऊन दुसऱ्याच संस्थेने कोर्स चालवून, दिलेल्या परदेशी डिग्रीला मान्यता नाही हे युजीसीने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर सांगितलंय, परदेशी डिग्री इकडच्या डिग्रीच्या बरोबरीची धरायची की नाही त्याच्या, म्हणजे समकक्षतेच्या, एप्रिल २०२५ च्या नियमातही ते आहे. समकक्षता नाही म्हणजे उद्या पोरगी पीएचडीला किंवा सरकारी नोकरीला फॉर्म भरेल तेव्हा ती डिग्री धरलीच जाणार नाही, आणि कर्जाचा हप्ता मात्र चालूच.

मी त्याला साधं विचारलं, यातल्या कुठल्या नियमात तुमचा कोर्स बसतो? तो म्हणाला हेड ऑफिसला विचारून सांगतो, आणि बाहेर फोनवर बोलायला गेला तो बराच वेळ आलाच नाही.

मग ती पोरगी पहिल्यांदा बोलली. तोवर ती गप्प ऐकत होती. "मॅडम, त्या विद्यापीठालाच मेल केला तर?" मला इतकं बरं वाटलं. विद्यापीठ खरं होतं, चांगलं नावाजलेलं, त्यांच्या साईटवर बाहेरच्या देशातल्या भागीदार संस्थांची यादी होती आणि तिच्यात भारतातलं एकही नाव नव्हतं. तिने माझ्यासमोर बसून मोबाईलवर मेल लिहिला, संस्थेचं नाव, कोर्सचं नाव, लेटरचा फोटो, आणि विचारलं की हा कोर्स तुमचा आहे का. सकाळचे साडेअकरा म्हणजे तिकडं सात वाजलेले, म्हणून म्हटलं जेवून या, ऑफिस उघडलं की बघू.

ते परत आले तेव्हा गर्दी ओसरली होती, मग निवांत बोललो. पोरीला वाटायला लागलं होतं की बाहेरची डिग्री घरबसल्या म्हणजे सगळी फसवणूकच. तसं नाही हे मी तिला आवर्जून सांगितलं. लंडन विद्यापीठ १८५८ पासून बाहेरच्या विद्यार्थ्यांच्या परीक्षा घेतंय. नॉटिंगहॅमचा कॅम्पस २००० पासून मलेशियात आहे. आपल्याकडं साउदम्प्टनने गुरुग्रामला २०२५ मध्ये वर्ग सुरू केले, नवी मुंबईसाठी यॉर्क, ब्रिस्टल, अ‍ॅबरडीन अशांना परवानगीची पत्रं मिळालीत. आणि आपली विद्यापीठंही बाहेर जातातच की, आयआयटी मद्रास २०२३ पासून झांझिबारमध्ये शिकवतंय, आयआयटी दिल्ली अबूधाबीत. तिकडच्या पोरांना आपली डिग्री त्यांच्या गावात मिळते. मला ही गोष्ट मनापासून आवडते, व्हिसा आणि विमानाशिवाय चांगला मास्तर मिळत असेल तर मिळायलाच पाहिजे, आणि शिरोळच्या पोरीला तर आधी मिळायला पाहिजे. म्हणूनच हे बोगस प्रकार मनाला जास्त लागतात.

साडेतीनला उत्तर आलं. तिने वाचलं आणि फोन माझ्याकडं दिला. त्या संस्थेशी आमचा शिकवण्याचा कुठलाही करार नाही, हा कोर्स आम्ही भारतात चालवत नाही, लोगो वापरायला परवानगी दिलेली नाही, लेटरची प्रत आमच्या विभागाकडं पाठवतोय, असं स्पष्ट.

काका काही वेळ बोललेच नाहीत. मग हळूच म्हणाले, "आमी चाळीस हजार दिल्यात की वो आधीच. सीट बुकिंगला." पावती होती, तेवढं नशीब. मी तिथंच पोरीकडून संस्थेच्या नावाने पैसे परत मागणारा अर्ज लिहून घेतला, विद्यापीठाच्या मेलची प्रिंट जोडली आणि स्पीड पोस्टाने पाठवायला सांगितला, तोंडी भांडायला जाऊ नका म्हटलं. कर्जाची फाईल मी कारणासकट नामंजूर केली, आणि तेच ब्रोशर दुसऱ्या शाखांतही फिरत असणार म्हणून मेलच्या प्रतीसह सगळं रिजनल ऑफिसला कळवलं.

पोरीने शिवाजी विद्यापीठात एमएस्सी स्टॅटिस्टिक्सचा फॉर्म भरला, नंबर लागला, होस्टेलही मिळालं. कर्ज लागलंच नाही, तिथली फी काकांनी उसाच्या बिलातनं भरली. बाहेर जायचं तिचं अजून पक्कं आहे, एमएस्सीनंतर थेट विद्यापीठातच अर्ज करणार म्हणते. संस्थेने दोन नोटिसांनंतर पंधरा हजार परत दिले, बाकीचे 'प्रोसेसिंग'चे म्हणून अडवले, तेव्हा बापलेकींनी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकलीय. पुढची तारीख आलीय, त्या दिवशी काका ऊसतोडीला माणूस लावून स्वतः हजर राहणार आहेत.