जाळी बुजेपर्यंत : आमची वाटचाल

आमचा छापखाना लहान आहे. छपाईची दोन टेबलं, स्क्रीनवर प्रकाश टाकून चित्र उतरवायचं एक एक्स्पोजिंगचं मशीन, स्क्रीन धुवायची मोरी आणि कागद वाळत घालायचा रॅक, एवढ्यावर सगळं चालतं. स्क्रीन प्रिंटिंग हे आमचं काम, म्हणजे चौकटीला ताणून बसवलेल्या जाळीतून (तीच स्क्रीन) रंग कागदावर ढकलायचा. सुरुवात केली ती पिशव्या, स्टिकर आणि व्हिजिटिंग कार्डांवर, आणि आजही भाडं त्यातूनच निघतं. पण आम्हाला ओळख मिळाली ती वेगळ्याच गिऱ्हाइकांमुळे. ज्यांचं काम बाकी ठिकाणांहून ‘असं होत नसतं’ म्हणून परत येतं, ते कलाकार आमच्याकडे येतात.

हे काही ठरवून झालं नाही. पहिल्या वर्षी एक चित्रकर्ती तीन रंगांचं काम घेऊन आली. प्रत्येक रंगाची वेगळी पारदर्शक फिल्म लागते, त्या तिनेच काढून आणल्या होत्या, आणि लाल रंगाची फिल्म दोन मिलिमीटर डावीकडे सरकलेली होती. आमच्या धंद्यात रंग सरकणं म्हणजे नाचक्की. माझ्या भागीदाराची आधीची सगळी नोकरी व्यावसायिक छापखान्यात गेलेली. त्याने रात्री बसून खुणा जुळवल्या, लाल जागच्या जागी आणला आणि पन्नास प्रती काढल्या. काम इतकं नेटकं झालं होतं की ती कधी येते याची मी वाट पाहत होते.

तिने एक प्रत उचलून बराच वेळ पाहिली. म्हणाली, “छापलंय सुंदर. पण हे माझं चित्र नाही.” पैसे दिले आणि प्रती टेबलावर ठेवून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेले. डोळ्यांच्या आजारपणात तिला काही महिने सगळं दुहेरी दिसत होतं, आणि त्या महिन्यांतलं आपलं घर तिने जसं दिसलं तसंच काढलं होतं. ते सरकलेले दोन मिलिमीटर म्हणजेच ते चित्र होतं. आम्ही आमच्या खर्चाने सगळं पुन्हा छापलं, या वेळी लाल तिने ठेवला होता तिथेच. भागीदाराने मोरीवरच्या भिंतीवर खडूने लिहिलं : ‘विचारल्याशिवाय सुधारायचं नाही.’ पुढे ते आम्ही रंगाने पक्कं केलं.

या एका ओळीने आमचं काम बदललं. प्रत्येक जॉब घेताना विचारायचं, हे असंच हवं आहे का? बहुतेक गिऱ्हाइकं ‘अहो नाही, चुकलंय ते’ म्हणतात आणि आपण दुरुस्त करतो. पण दहातला एक जण थांबतो, आपल्याकडे बघतो आणि मग बोलायला लागतो. रंगात लोखंडाचा कीस मिसळून छापायचं आणि कागदावर गंज चढू द्यायचा, असं सांगणारा एक शिल्पकार आला. त्याच्यासाठी विरळ जाळीची चौकट मुद्दाम बांधून घ्यावी लागली, कारण बारीक जाळीतून कीस उतरेना. जुन्या नकाशांच्या पाठीवर कविता छापणारे एक शिक्षक आले. फिल्म न काढता सुकलेली पानं थेट काचेवर ठेवून स्क्रीन एक्स्पोज करणारी एक मुलगी आली. प्रकाश जिथून गेला तिथलं इमल्शन, म्हणजे जाळीवरचा लेप, घट्ट झालं, बाकीचं पाण्याने धुतलं गेलं आणि पानाच्या शिरा तेवढ्या अंधुक उमटल्या.

अशा लोकांना ‘हटके’ म्हणायची पद्धत आहे. मला तो शब्द आवडत नाही. वेगळं दिसायचं म्हणून यांतलं कुणीच काही करत नाही. त्यांना एक गोष्ट जशी दिसली तशीच ठेवायची आहे, आणि त्यासाठी ते फार काही सोसतात. आमच्या रॅकपाशी ही माणसं एकमेकांना भेटली. रंग वाळायला वेळ लागतो, मग बोलणं होतं. गंजवाल्या शिल्पकाराने शिक्षकांच्या कवितांसाठी तपकिरी रंग कालवून दिला, शिक्षकांनी त्या मुलीला जुने कागद दिले.

एका वर्षी मात्र आमचं एक मोठं नेहमीचं गिऱ्हाईक सुटलं. भिंतीवरचं एक पोस्टर त्यांना पटलं नाही, ते काढा म्हणाले. आम्ही काढलं नाही. भागीदाराने सहा महिने दुसरीकडे रात्रपाळी केली. त्या दिवसांबद्दल तो बोलत नाही, म्हणून मीही इथे जास्त लिहीत नाही.

भिंतीवर प्रदर्शन भरवायची कल्पना शिक्षकांची. अट एकच, निवड करायची नाही. तेच आम्हाला सांगायचे की 1863 साली पॅरिसच्या सालोन या अधिकृत प्रदर्शनातून नाकारलेल्या चित्रांचं वेगळं प्रदर्शन भरलं. लोक हसायला गेले, आणि ज्या चित्रांना हसले त्यांत चित्रकार मानेचंही काम होतं. पुढे 1884 मध्ये तिथल्याच स्वतंत्र कलाकारांनी ‘ना ज्यूरी, ना बक्षीस’ असं ब्रीद घेतलं, म्हणजे कामं निवडणारं मंडळच नको. मराठीतही 1954 साली कोलटकर, चित्रे आणि त्यांच्या मित्रांनी ‘शब्द’ हे अनियतकालिक सायक्लोस्टाइलवर काढलं होतं. माझा भागीदार हे ऐकून खुलला, कारण सायक्लोस्टाइल म्हणजे शेवटी स्टेन्सिलमधून शाई ढकलणं. आमच्याच घराण्यातलं यंत्र.

न्यूयॉर्कला 1917 मध्ये भरलेल्या प्रदर्शनाची गोष्ट मात्र मला टोचली. फी भरणाऱ्या प्रत्येकाचं काम लागणार, असा त्यांचा नियम होता. चित्रं आडनावाच्या अक्षरक्रमाने लावायची, आणि पहिलं अक्षरसुद्धा चिठ्ठी टाकून निवडलेलं. तरीही द्युशाँ या फ्रेंच कलाकाराने ‘आर. मट’ या नावाने पाठवलेलं चिनी मातीचं मूत्रपात्र त्यांनी मांडलं नाही. द्युशाँ स्वतः संचालक मंडळावर होता, त्याने राजीनामा दिला. ज्यूरी नको म्हणणाऱ्यांनीच ऐन वेळी ज्यूरी होऊन दाखवलं. आपल्यावर तशी वेळ आली तर काय करू, हे मी तेव्हापासून स्वतःला विचारत होते.

तिसऱ्या प्रदर्शनाला ती वेळ आली. एक काका आले, निवृत्त, हात किंचित थरथरणारे. आईचा एक छोटा फोटो त्यांनी आणला होता. म्हणाले, “स्क्रीन न धुता छापत राहायचं. जाळी बुजेपर्यंत.”

पाण्यात कालवलेला छपाईचा रंग जाळीत वाळतो. मग एकेक भोक बंद होतं आणि चित्र विरत जातं. ते होऊ नये म्हणूनच तर छपाई करणारा आयुष्यभर धडपडतो, दर थोड्या प्रतींनंतर ओलं फडकं फिरवतो. भागीदार मला बाजूला घेऊन म्हणाला, “स्क्रीन वाया जाईल, आणि लोक म्हणतील, यांना छापता येत नाही.” मलाही तेच वाटत होतं. आम्ही दोघंही भिंतीवरच्या त्या ओळीखाली उभे होतो.

त्यानेच स्क्वीजी, म्हणजे रंग ओढायची रबरी पट्टी, हातात घेतली. काका शेजारी बसून प्रत्येक प्रतीवर पेन्सिलने आकडा घालत होते. सत्तरच्या आसपास साडीचे काठ गेले. शंभरीनंतर एक डोळा राहिला, आणि मग खांद्याची कड. 137व्या प्रतीवर काहीच उमटलं नाही. फडकं हाताशी होतं, पण भागीदाराने ते घेतलं नाही.

सगळ्या 137 प्रती क्रमाने लावल्या. त्यांना भिंत पुरेना, म्हणून त्या जिन्यापर्यंत गेल्या. लोक पहिल्या प्रतीपासून चालत जायचे आणि शेवटाकडे त्यांची चाल हळू व्हायची.

प्रिंटच्या कामात एक रिवाज आहे. छपाई सुरू करण्याआधी कलाकार एका प्रुफावर ‘बॉन आ तिरे’, म्हणजे छापायला हरकत नाही, असं लिहून सही करतो. बाकीच्या सगळ्या प्रती त्याबरहुकूम निघाल्या पाहिजेत, आणि ती प्रत पुढे छापणाऱ्याकडे राहते. इथे तर एकही प्रत दुसरीसारखी नव्हती. प्रदर्शन उतरवताना काकांनी 137वा कोरा कागद काढला, खाली सही केली आणि माझ्या भागीदाराला दिला. त्याने तो मोरीवर, त्या ओळीच्या शेजारी लावला आहे. स्क्रीन धुताना पाणी उडून त्याचा एक कोपरा पिवळा पडलाय. काच लावू का, असं मी विचारलं. तो नको म्हणाला.