सकाळी थंडी, दुपारी घाम आणि आत्तींचं फाटकं इरकल

दसऱ्याच्या आसपास आमच्या दाराजवळच्या खुंटीवर तीन गोष्टी एकदम लटकायला लागतात. रेनकोट, स्वेटर आणि उन्हात तोंडाला गुंडाळायचा स्कार्फ. ह्यातलं काय घालायचं हे सकाळी साडेसहाला ठरवायचं असतं आणि मी ते कायम चुकीचंच ठरवते. म्हणजे, गेल्या वर्षापर्यंत ठरवत होते.

मी राहते कोल्हापुरात, रंकाळ्याजवळ आणि भूगोल शिकवते पन्हाळ्यावर. रोज स्कूटर. शिवाजी पुलावर आलं की खाली पंचगंगेवर धुकं बसलेलं असतं. केर्लीच्या पुढं दोन्ही बाजूंना ऊस लागतो, त्यातनं गार ओलसर हवा रस्त्यावर येते. वाघबीळ सोडून चढ लागला की हाताची बोटं ब्रेकवर आखडतात. कोल्हापूर साधारण 1,800 फुटांवर, पन्हाळा 3,000 च्या पुढं. दर हजार मीटरला साडेसहा अंशांनी हवा गार होते, हे मी दरवर्षी आठवीला शिकवते. त्या हिशोबानं आमच्या वाटेत अडीच अंशांचा फरक पडतो. फळ्यावर तो आकडा अगदी किरकोळ दिसतो. पदरातनं वारा शिरत असताना घाट चढून बघा.

आणि हीच बाई दुपारी शाळा सुटल्यावर महाद्वार रोडला ब्लाऊजपीस शोधत फिरते, तेव्हा पाठीवरनं घामाचे ओघळ. पावसाळाभर आभाळ झाकलेलं असतं, म्हणून दिवस आणि रात्र एकमेकांच्या जवळ असतात. ते आभाळ मोकळं झालं की दुपारचं ऊन थेट उतरतं आणि रात्री जमिनीची ऊब तशीच थेट वर निघून जाते. जमीन अजून ओली असते, म्हणून दुपारचा उकाडा चिकट. एवढं कमी म्हणून चार वाजता जोतिबाच्या बाजूनं काळं भरून येतं आणि हस्ताचा, नाहीतर चित्राचा पाऊस तासभर झोडपून जातो.

साडीवर स्वेटर मला कधीच पटला नाही. साडी कितीही देखणी असू दे, वर तो बदामी, बटणाचा स्वेटर चढला की बाई थेट पहाटेच्या एसटीची वाट बघत उभी आहे असंच वाटतं. (मी दहा वर्षं एसटीनं ये-जा केलीय, तेव्हा हा टोमणा मलाच.) एकदा शहाणपणा करून रेनकोटच वाऱ्याला आडोसा म्हणून घातला. वारा अडला, खरंय. पण आतला घामही आतच राहिला. शाळेत पोचले तेव्हा ब्लाऊज पिळून वाळत घालावा अशा अवस्थेत होता आणि पहिल्या तासाला खिडकीतनं आलेल्या वाऱ्यानं मी अशी काकडले की मुलींनी पंखा बंद केला. सुती कापड घाम पितं, पण प्यालेलं लवकर सोडत नाही, हे त्या दिवशी अंगावर कळलं.

तर गेल्या वर्षी नवरात्राच्या साफसफाईत सासूबाईंच्या ट्रंकेतनं त्यांचं इरकल लुगडं निघालं. आम्ही त्यांना आत्ती म्हणतो. काळपट जांभळं अंग, लाल पदर, पदरावर पांढरी टोपं, म्हणजे देवळाच्या शिखरांसारखी नक्षी. घड्यांवर कापड विरलेलं, उचललं की चर्र. पदर मात्र कालच दुकानातनं आणल्यासारखा. आत्ती म्हणाल्या, "अंग सुताचं हाय, पदर रेशमाचा. सूत आधी जातंय." कर्नाटकात इळकलकडं हे असंच विणतात. अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा, पदराचा वेगळा, आणि दोन्ही ताणे फासांत फासे अडकवून जोडायचे. त्या जोडाला कोंडी म्हणतात. आत्तींनी बोटानं चाचपून मला तो जोड दाखवला. इतकी वर्षं इरकल नेसून मला तो ठाऊक नव्हता.

माझ्या डोक्यात आलं, ह्याची बंडी शिवायची. बिनबाह्यांची, समोरून उघडी, कमरेपर्यंत. राजारामपुरीतल्या टेलरकडं घेऊन गेले. त्यानं कापड उजेडाकडं धरलं, माझ्याकडं बघितलं आणि घडी करून परत दिलं. "मॅडम, ह्याच्यात सुई धरणार न्हाई. नवीन घ्या की." एवढंच.

घरी येऊन आत्तींना सांगितलं तर त्या हसायलाच लागल्या. "अगं, एकेरी कापड कशाला शिवतीस? वाकळंवानी घाल की."

माझ्या डोक्यात हे का आलं नाही, देव जाणे. वाकळ म्हणजे तरी काय, एकेकटं उभं राहू न शकणारं कापड एकमेकांच्या आधारानं उभं करायचं. वर लुगड्याचं अंग, मधे मामंजींचं धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतर, आत पुन्हा लुगडं. आत्ती ओसरीत बसून कडेपासून आत आत धावदोरा घालत गेल्या, बोटभर अंतरानं एकेक ओळ. मी दोरा ओवून द्यायची, कारण सुईचं नाकं त्यांना आता दिसत नाही. बारा दिवस लागले. मग तेच शिवलेलं कापड त्याच टेलरला दिलं. ह्या वेळी तो काही बोलला नाही, फक्त "कुणी घातलाय दोरा?" म्हणून विचारलं. गळ्याला आणि हातांच्या खाचेला लाल पदराची पट्टी लावून घेतली. पाठीवर मानेखाली टोपांचा एक तुकडा. बटणं नाहीत, नाडी.

आता तिचं काम कसं चालतं ते सांगते, कारण स्टाफरूममध्ये चौघींनी विचारलंय. पदर नेहमीसारखा पिनअप करायचा, उजवीकडनं पुढं आणून कमरेला खोचायचा आणि त्यावर बंडी. हाताच्या खाचा चांगल्या खोल हव्यात, नाहीतर डाव्या खांद्यावरच्या निऱ्या चुरगळतात. तीन थर कापडाचे, त्यांच्यामध्ये हवा अडकते, तीच ऊब. बाह्या नाहीत, त्यामुळं काखेत घाम साचत नाही. शाळेत पोचलं की नाडी सोडायची आणि खुर्चीच्या पाठीवर टाकायची. तिथंही ती बरी दिसते. माझ्या लेखी खरी परीक्षा तीच. अंगावरनं काढलेला कपडा लपवावा लागत असेल तर तो ह्या दिवसांच्या कामाचा नाही. स्वेटर पिशवीत कोंबावा लागतो.

साडी मात्र खाली साधीच हवी. बंडी एवढी बोलते म्हटल्यावर खाली काठापदराची भारी साडी नेसली तर दोघी भांडतात. मी इचलकरंजीची एकरंगी सुती नेसते, बहुतेक करून मोहरी रंगाची किंवा राखाडी. पांढऱ्याचा नाद मी सोडलाय. परतीच्या पावसानंतर रस्त्यावरचा एक ट्रॅक्टर पुरतो.

पायांचं म्हणाल तर कोल्हापुरी चप्पल चार महिने माळ्यावर, वर्तमानपत्रात. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, पाण्याशी त्याचं वैर. दसऱ्याला उतरवायची, बुरशी फडक्यानं पुसायची, तेलाचं बोट फिरवायचं आणि स्कूटरच्या डिकीत पिशवीत ठेवायची. घाटात रबरी सँडल, शाळेच्या पायरीवर बदल. 2025 च्या जूनमध्ये प्राडा ह्या इटालियन ब्रँडच्या मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये दुसरा विषय नव्हता. मला मात्र एवढंच वाटत होतं, की चार वाजताचा पाऊस लागला तर ती माणसं त्या चपला कुठं ठेवत असतील?

ह्या वर्षी बंडीचा दुसरा मोसम. परवा संध्याकाळी पाऊस पडून गेल्यावर गार सुटलं. मी आत चहा टाकत होते. बाहेर आले तर आत्ती माझी बंडी लुगड्यावर घालून आरशापुढं उभ्या. एकदा ह्या अंगानं बघितलं, एकदा त्या अंगानं. मग नाडी बांधली आणि तशाच देवळाकडं निघाल्या. दारातनं म्हणाल्या, "तुझ्यासाठी दुसरं लुगडं बघ आता. हिरवं हाय ट्रंकेत, पण ते अजून फाटलं न्हाई."