आमची वाटचाल: बूस्ट सगळ्यात शेवटी

मिशिगनमध्ये पाँटिॲक शहराजवळ आमचं दोन लिफ्टचं गॅरेज आहे. काम फक्त एकाच घराण्यातल्या गाड्यांचं: १९८६-८७ सालच्या टर्बो ब्युइक रीगल, म्हणजे जनरल मोटर्सच्या ब्युइक नावाखालच्या, इंजिनात जादा हवा दाबून भरणारा टर्बो असलेल्या दोन दारांच्या गाड्या. त्यात काळ्याकुट्ट ग्रँड नॅशनल आल्या, आणि तेच इंजिन घेऊन गुपचूप फिरणाऱ्या टी-टाइपही आल्या. शेवटची ग्रँड नॅशनल ११ डिसेंबर १९८७ रोजी इथेच पाँटिॲकच्या कारखान्यातून बाहेर पडली.

मी मूळचा कोल्हापूरचा. उद्यमनगरात वडिलांचं लेथचं वर्कशॉप होतं, त्यामुळे कुलिंग ऑइलचा वास मला शाळेच्या दप्तराइतकाच ओळखीचा. शिकायला इकडे आलो आणि गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत लागलो. १ जून २००९ ला जनरल मोटर्सने दिवाळखोरी जाहीर केली, त्या सुमारास या भागात ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्यांत मीही होतो. घरी एक जुनी टी-टाइप होती. तिच्या निमित्ताने ओळखी झालेल्या, त्या ओळखींतून पहिली गिऱ्हाइकं आली. मंदीत गॅरेज काढणं वेडेपणाचं, पण मंदी होती म्हणूनच जागेचं भाडं परवडलं. हिशेब पहिल्या दिवसापासून बायकोकडे. उधारी बंद करण्याचा निर्णय तिचा, आणि गॅरेज टिकलं ते त्यामुळेच.

या गाडीत एवढं काय आहे, असं डेट्रॉइटकडचे मराठी मित्र अजून विचारतात. दिसायला आजोबांची दोन दारांची ब्युइक. आत मात्र ३.८ लिटरचं व्ही-६, त्यावर टर्बो आणि १९८६ पासून, त्याने दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर. १९८७ साली कंपनीने ताकद लिहिली २४५ हॉर्सपॉवर. त्याच वर्षीच्या, जनरल मोटर्सच्याच कॉर्व्हेटचं ५.७ लिटरचं व्ही-८ देत होतं २४०. घरच्या मानाच्या स्पोर्ट्‌स कारला घरच्याच सेडानवजा गाडीने मागे टाकावं, हे कंपनीतल्याच काहींना रुचलं नसेल असा माझा अंदाज! मॅक्लारेनच्या साथीने बनवलेल्या जीएनएक्स, म्हणजे ग्रँड नॅशनलच्या खास आवृत्तीच्या गाड्या, फक्त ५४७ निघाल्या. त्यांच्या किमती आता लाख डॉलरच्या वर असतात आणि मालक त्या झाकून ठेवतात. आमचं पोट भरतं ते चालवणाऱ्यांवर.

गिऱ्हाईक येतं ते एकच मागणी घेऊन: बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात भरतो त्या हवेचा दाब, वाढवून द्या. टर्बोवरच्या वेस्टगेटचा, म्हणजे जादा धूर बाजूला सोडणाऱ्या झडपेचा रॉड काही आटे फिरवला की बूस्ट वाढतो, पाच मिनिटांचं काम. ते आम्ही सगळ्यात शेवटी करतो. आधी पेट्रोलचा दाब बघायचा. बूस्ट जितके पौंड चढेल तितकाच हा दाबही चढायला हवा. पण टाकीतल्या पंपाकडे जाणारी वायर कारखान्यातली, बारीक आणि आता चाळिशीला टेकलेली. जोर लागेल तेव्हाच पंपाला व्होल्टेज कमी पडतं, पेट्रोल अपुरं जातं, नॉकिंग (इंजिनात पेट्रोलचा अवेळी स्फोट) सुरू होतं आणि हेडचं गॅस्केट उडतं. म्हणून बॅटरीकडून रिलेमार्गे पंपाला जाड वायर ओढणं, हे आमच्याकडे बहुतेक गाड्यांचं पहिलं काम. त्याने गाडी वेगवान होत नाही, त्यामुळे बिल बघून माणूस नाराज होतो. चालायचंच.

मग व्हॅक्यूमच्या नळ्या, हवा मोजणारा सेन्सर, आणि स्कॅन टूल लावून रस्त्यावर नॉकिंगचे आकडे. इथे मिळतं ते ९३ ऑक्टेनचं पेट्रोल. भारतातल्या ९५शी त्याची तुलना करू नका, मोजण्याची पद्धत वेगळी आहे आणि इथलं ९३ प्रत्यक्षात वरचढ ठरतं. तरीही बूस्ट फार वाढवायचा तर ते पुरत नाही. तिथे मेथेनॉलचा फवारा किंवा ई-८५ हे इथेनॉल मिसळलेलं इंधन, आणि त्याला जुळणारी इंजिनच्या संगणकाची चिप, पेट्रोल फवारणारे मोठे इंजेक्टर.

ब्रेकचं आणखी वेगळं. या गाड्यांत ब्रेकला जोर द्यायला विजेच्या मोटरवर चालणारा हायड्रॉलिक पंप आहे, आणि तो दगा देतो. तो बदलून व्हॅक्यूम बूस्टर किंवा स्टिअरिंगच्या पंपावर चालणारा हायड्रोबूस्ट बसवल्याशिवाय ताकद वाढवून मागणाऱ्याला मी नाही म्हणतो. दोघे-तिघे चिडून दुसरीकडे गेले.

खरी कमाई आधीच्या कुणीतरी केलेलं निस्तरण्यात आहे. अनोळखी चिप, तिला न जुळणारे इंजेक्टर, अर्धवट कापलेलं वायरिंग, आणि सगळ्यावर टेप. असं काम ठरीव दरात घेत नाही, तासावर घेतो. इंजिन उघडलं की टायमिंग चेनच्या गिअरचे नायलॉनचे दात बघायचे. इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट जुन्या पद्धतीचा, सपाट टॅपेटचा, त्याला जास्त झिंक असलेलं ऑइल लागतं. स्वस्तातलं नवं ऑइल घातलेल्या गाडीत कॅमशाफ्टचे लोब, म्हणजे उंचवटे, गुळगुळीत झालेले सापडतात.

मिशिगनचा हिवाळा आमचा सुगीचा हंगाम. रस्त्यावर मीठ पडलं की या गाड्या घरात जातात, म्हणून इंजिन, गिअरबॉक्स, मोठी कामं डिसेंबर ते मार्चमध्ये. ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची रस्त्यावरची जत्रा असते. जुलैत फोन करून 'तेवढ्यात होईल ना?' विचारणाऱ्यांना माझं उत्तर ठरलेलं आहे. मिठाने मागची चेसिस खाल्ली असेल तर गाडी घेतच नाही, मालकाला लिफ्टखाली नेऊन हातोडीने ठोकून दाखवतो.

हल्ली तरुण मुलं व्ही-६ काढून नवं व्ही-८ टाकायला सांगतात. ताकद स्वस्तात मिळते, त्यांचं चूक नाही. पण ते काम दुसऱ्याकडे पाठवतो. काढलेलं व्ही-६ मात्र त्यांच्याकडून विकत घेतो. ब्लॉक आणि क्रँक आता सहज मिळत नाहीत. त्यासाठी मागच्या भिंतीला नवा रॅक बसवलाय. हे वाचणाऱ्या कुणाच्या शेडमध्ये असं इंजिन पडून असेल, तर गंज चढायच्या आधी कळवा.