अननस आणि माझा उजवा गुडघा

जिना चढताना माझा गुडघा फारशी कुरकुर करत नाही. तो दुखतो उतरताना, कारण त्या वेळी शरीराचा सगळा भार वाकलेल्या एका पायावर तोलावा लागतो. उजव्या गुडघ्यातली ही कळ दीड वर्ष जुनी आहे. क्ष-किरण तपासणीत कूर्चा थोडी झिजल्याचे दिसले, डॉक्टरांनी ‘ऑस्टिओआर्थ्रायटिस’ (म्हणजे झिजेचा संधिवात), ‘सुरुवातीचा टप्पा’ असे लिहून व्यायामाचा एक कागद हातात ठेवला आणि तो कागद मी ड्रॉवरमध्ये अगदी नीट जपून ठेवला. त्याच सुमारास मोठ्या बहिणीचा फोन आला. “अगं, रोज अनशापोटी अननस खा, सूज पार ओसरते. गोळ्या कशाला घेतेस?” ताईचे म्हणणे मोडणे मला लहानपणापासून जमलेले नाही.

तीन आठवडे मी रोज सकाळी वाडगाभर अननस खाल्ला. पाचव्या दिवशी जिभेच्या कडा सोलवटल्या आणि पाणी पितानाही चुरचुर होऊ लागली, तरी मी नेट सोडला नाही. गुडघ्याचे म्हणाल, तर दुसऱ्या आठवड्यात खरोखरच बरे वाटले आणि तिसऱ्या आठवड्यात तो पुन्हा पहिल्यासारखा दुखू लागला. झिजेच्या संधिवाताचा हा स्वभावच आहे. तो काही दिवस छळतो, काही दिवस विसरायला लावतो. माणूस उपाय शोधू लागतो तो दुखणे शिगेला पोचल्यावर, आणि शिगेला पोचलेले दुखणे काही न करताही थोडे उतरतेच. त्या उताराचे श्रेय मात्र त्या आठवड्यात जे काही पोटात गेले असेल त्याला मिळते. हे मला तेव्हा सुचले नाही. मी ताईला आनंदाने कळवूनही टाकले होते.

वाचायला बसले ती खरे तर जिभेमुळे. अननसाच्या रसात प्रथिने तोडणारी काही विकरे (एन्झाइम्स) असतात आणि त्यांच्या समूहाला ब्रोमेलेन म्हणतात. व्हेनेझुएलातील रसायनशास्त्रज्ञ विसेंते मार्कानो यांनी १८९१ मध्ये अननसाच्या रसातून हे द्रव्य वेगळे केले. फळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिकही असतात. ते जिभेला टोचतात, विकरे तिच्या वरच्या थरातील प्रथिनांवर काम करतात, आणि दोहोंची मिळून ती चुरचुर होते. थोडक्यात, मी अननस खात होते तेव्हा अननसही मला थोडेसे खात होता.

पण सांधेदुखीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. १९५७ मध्ये असे प्रसिद्ध झाले की अननसाच्या खोडात हे विकर भरपूर प्रमाणात सापडते. फळ काढून घेतल्यावर शेतात उरणारे ते जाड, तंतुमय खोड एरवी वायाच जायचे. त्यामुळे ब्रोमेलेन मोठ्या प्रमाणावर आणि स्वस्तात काढता येऊ लागले. आज कॅप्सूलमध्ये मिळते ते मुख्यतः खोडातले ब्रोमेलेन, आणि फळातले ब्रोमेलेन हे त्याचे भावंड असले तरी तेच द्रव्य नव्हे. ज्या चाचण्यांच्या आधारावर ‘अननसाने सूज उतरते’ असे म्हटले जाते, त्यांत लोकांना फोडी खायला दिलेल्या नव्हत्या. मिलिग्रॅममध्ये मोजलेला अर्क दिला होता. खोड कोणी खात नाही. सकाळच्या वाडग्यातून त्या चाचण्यांचे फळ मिळेल ही माझी अपेक्षा इथेच डळमळली.

मग मी घरी एक प्रयोग केला, जो कोणालाही करता येईल. दोन वाट्यांत जिलेटिनची सारखीच जेली ओतली. एकीत ताज्या अननसाच्या फोडी टाकल्या, दुसरीत डबाबंद अननसाच्या, आणि दोन्ही वाट्या रात्रभर फ्रिजमध्ये ठेवल्या. सकाळी डबाबंद फोडींची जेली घट्ट झाली होती, चमच्याने टोचली तर थरथरत होती; ताज्या फोडींच्या वाटीत मात्र पिवळसर पाणी तसेच हिंदकळत होते. डबाबंद करताना फळाला उष्णता दिली जाते आणि तीत विकर निकामी होते, म्हणून त्या वाटीत काही बिघडले नाही. ताज्या फळातल्या विकराने जिलेटिनचे तुकडे केले. आता जिलेटिन म्हणजे काय, तर प्राण्यांच्या हाडांतून आणि कातडीतून काढलेल्या कोलॅजेन या प्रथिनापासून केलेला पदार्थ. आणि आपल्या सांध्यातील कूर्चेचा मोठा आधारही कोलॅजेनच. ती पातळ वाटी हातात धरून मी विचार करत उभी राहिले की हे विकर वाटीत वागते तसे गुडघ्यात पोचून वागले असते, तर ते औषध ठरले असते की आणखी एक दुखणे? सुदैवाने तसे होत नाही. विकर हे स्वतःच एक प्रथिन असल्यामुळे त्याचा बराचसा भाग पोटातील आम्लात आणि पुढच्या पचनात मोडतो. थोडा अंश न मोडता रक्तात उतरतो हे माणसांवरील संशोधनात आढळले आहे, म्हणून ‘पोटात सगळेच पचून जाते’ असेही ठामपणे म्हणता येत नाही. पण त्यासाठी दिलेली मात्रा फोडींतून मिळण्यासारखी नव्हती.

प्रयोगशाळेत ब्रोमेलेनचे दाहशामक गुण दिसतात हे मान्य करायला हवे. सूज आणि वेदना वाढवणाऱ्या ब्रॅडिकायनिनसारख्या द्रव्यांचे प्रमाण ते कमी करते, सुजलेल्या जागी साठलेले फायब्रिन, म्हणजे रक्त गोठताना तयार होणारे प्रथिन, विरघळवायला मदत करते. अडचण आहे ती दुखणाऱ्या माणसांवरच्या पुराव्याची. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत गुडघ्याच्या संधिवाताच्या १०३ रुग्णांना सहा आठवडे एक तर डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक किंवा विकरांचे मिश्रण देण्यात आले आणि दोहोंचा गुण साधारण सारखाच आढळला. हे वाक्य जाहिरातींत फार आवडीने वापरले जाते. मात्र त्या मिश्रणात ब्रोमेलेनच्या जोडीला ट्रिप्सिन हे दुसरे विकर आणि रुटोसाइड हे वनस्पतिजन्य द्रव्यही होते, त्यामुळे अननसाच्या वाट्याला त्यातले किती श्रेय जाते ते सांगता येत नाही; शिवाय दिसायला औषधासारखी पण गुणहीन गोळी घेणारा तिसरा गट त्यात नव्हता. असा गट ठेवलेली चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. मध्यम ते तीव्र संधिवात असलेल्या ४७ जणांपैकी काहींना रोज ८०० मिलिग्रॅम ब्रोमेलेन आणि बाकीच्यांना गुणहीन गोळी असे बारा आठवडे दिले, आणि दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. चाचणी लहान होती, तेव्हा तिला शेवटचा शब्द मानू नये. पण माझ्या तीन आठवड्यांच्या वाडग्यापेक्षा तिचे वजन निश्चितच जास्त आहे.

ब्रोमेलेनचे खरे कर्तृत्व भलतीकडेच आहे. भाजलेल्या जखमेवरची मृत त्वचा काढून टाकण्यासाठी त्यापासून केलेल्या औषधाला युरोपात २०१२ मध्ये आणि अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली. प्रथिने तोडणे हा त्याचा मूळ धर्म, आणि तिथे नेमके तेच हवे असते.

फळ म्हणून अननसाबद्दल माझी काही तक्रार नाही. शंभर ग्रॅममध्ये सुमारे ४८ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते, जे कोलॅजेन तयार होण्यासाठी शरीराला लागते. मँगनीजही चांगले मिळते. त्याच शंभर ग्रॅममध्ये दहा ग्रॅमच्या आसपास साखरही असते, म्हणून मधुमेह असलेल्यांनी आपला हिशेब सांभाळावा. ज्यांचे सांधे युरिक आम्लामुळे, म्हणजे गाऊटने, सुजतात त्यांनी तर पेलाभर रस ‘औषध’ म्हणून पिण्याआधी दोनदा विचार करावा, कारण फ्रुक्टोज युरिक आम्ल वाढवते. ‘सांधेदुखी’ हा शब्द एक असला तरी तिच्यामागचे आजार अनेक आहेत, आणि सकाळी तासभर बोटे न वळणाऱ्या आमवाताच्या रुग्णाला वेळेवर औषध सुरू करण्याऐवजी फळ सुचवणे हा त्याच्यावर अन्यायच आहे. सांधा अचानक लाल व गरम झाला आणि सोबत ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

माझे पुढे काय झाले तेही सांगते. ड्रॉवरमधला कागद बाहेर निघाला. त्यात मांडीचे स्नायू बळकट करण्याचे चार साधे व्यायाम होते. पाय सरळ ठेवून उचलणे, खुर्चीवरून हात न टेकता उठणे, असेच. तीन महिन्यांत चार किलो वजनही उतरले. वजन एक किलो घटले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो असे २००५ च्या एका अभ्यासात आढळले होते, आणि हा आकडा मला कोणत्याही फळापेक्षा जास्त गोड लागला.

मागच्या आठवड्यात ताईचा पुन्हा फोन आला. आता ती ब्रोमेलेनच्या कॅप्सूल मागवणार होती. ती हृदयासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी घेते, आणि ब्रोमेलेनने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. काही प्रतिजैविकांचे रक्तातील प्रमाणही त्याने वाढते. आयुष्यात पहिल्यांदाच मी तिला “नको” म्हटले. डॉक्टरांना विचारल्याशिवाय मागवणार नाहीस, असे कबूल करून घेतले.

“मग फळ तरी खाऊ की नको?” तिने जरा फुरंगटून विचारले.

“खा की. पण जेवणानंतर दोन फोडी, आणि जीभ चुरचुरली की थांब.”

“आणि तुझा गुडघा?”

“उतरताना अजून कठडा धरते,” मी म्हटले, “पण आता फक्त शेवटच्या चार पायऱ्यांना.”