सुटलेली आयकार्डं आणि दोषी ठरलेलं मशीन

रंगीत तालमीच्या दिवशी दुपारी प्रॉपर्टीच्या टेबलावर आयकार्डांचा ढीग येऊन पडला. नाटकात एका हॉस्पिटलचा स्टाफ आहे. कुणाच्या गळ्यात, कुणाच्या खिशाला कार्ड. वेशभूषेच्या मंडळींनी ती घरीच छापून घरच्याच मशीनवर लॅमिनेट केली होती. निम्म्याहून जास्त खराब. काहींच्या कडा सुटून कार्डाचे दोन पापुद्रे झालेले, काहींच्या निळ्या पट्टीत दुधट डाग. निकालही सोबतच आला होता: "दादा, मशीन बाद आहे, दुसरं आणा."

नाटकवाल्यांची ही जुनी खोड. काही बिघडलं की आधी यंत्राला फाशी.

सुटलेलं कार्ड हातात आलं की बाहेरून बघत बसू नये, उघडून आतून बघावं. फिल्मची आतली बाजू कोरी आणि चकचकीत निघाली, तर गोंद वितळलाच नव्हता: मशीन पुरेसं तापलं नाही किंवा पाउचच्या, म्हणजे कागद ज्यात सरकवतात त्या दुहेरी फिल्मच्या, जाडीला तापमान कमी पडलं. पण फिल्मच्या दोन्ही अर्ध्यांना कागदाची लव चिकटलेली असेल, तर गोंदाने आपलं काम चोख केलंय आणि फाटलाय तो कागद, जाडीतून, मधोमध. इथे दोन्हीकडे लव होती. नखाने खरवडली तरी सुटेना, इतकी पक्की. मशीनची सुटका तिथेच झाली.

पाउचच्या फिल्मला दोन थर असतात. बाहेर पॉलिएस्टर, आत उष्णतेने वितळणारा ईव्हीए गोंद. हा गोंद कागदाच्या वरच्या तंतूंना धरतो, आतल्या थरांपर्यंत जात नाही. फिल्मवर फिल्म आली तर मात्र गोंद गोंदाला मिळतो आणि तो जोड सहसा सुटत नाही. म्हणजे कार्ड टिकतं ते कागदाभोवती सोडलेल्या कोऱ्या फिल्मच्या काठावर. तो चारही बाजूंनी किमान 3 मिलिमीटर हवा. या मंडळींनी काय केलं होतं? ए-फोर कागदावर कार्डं शेजारी-शेजारी छापली, अख्खा कागद लॅमिनेट केला आणि मग छापील रेषेवरून कटर चालवला. कार्ड देखणं दिसतं, पण चारही बाजूंनी कागदाची कड उघडी. घाम, दमट हवा, सतत चाळा करणारी बोटं, सगळ्यांना आत शिरायला वाट मोकळी.

क्रम उलटा हवा: छापणं, वाळवणं, कापणं, कागदाचे कोपरे गोल करणं, मग पाउचमध्ये अंतर ठेवून मांडणं, लॅमिनेशन आणि शेवटी फिल्म कापणं. ए-फोर पाउचमध्ये उभी नऊ कार्डं मोकळ्या अंतराने बसतात. इथे एक गोम आहे, जी डिझाइन करणारे हमखास विसरतात. बँकेच्या कार्डाचं प्रमाण माप 85.6 बाय 54 मिलिमीटर. कागदच त्या मापाचा छापला तर काठ धरून कार्ड मोठं होतं आणि तयार होल्डरमध्ये शिरत नाही. मग कुणीतरी कात्रीने काठ छाटतो, की पुन्हा तीच रड. म्हणून कागद साधारण 79 बाय 48 चाच छापायचा. कोपऱ्यांची गोलाई 3 मिलिमीटरच्या आसपास, कागदालाही आणि फिल्मलाही. सुटायची सुरुवात कोपऱ्यातून होते, आणि फिल्मचा टोकदार कोपरा मानेला बोचतो, सुती कपड्याचे धागे ओढतो.

दुधट डागांची गोष्ट वेगळी, पण दोन्ही दोष एकाच ढिगात आल्यामुळे सगळ्यांनी त्यांना एकच समजलं. डाग फक्त गडद निळ्या पट्टीवर होते. फोटोवर आणि अक्षरांवर एकही नाही. इंकजेटची शाई हाताला कोरडी लागली तरी तिच्यातलं पाणी आणि ग्लायकॉल कागदात उरलेलं असतं. भरगच्च रंगाच्या जागी सगळ्यात जास्त. रोलरच्या उष्णतेने त्याची वाफ होते, फिल्मखाली अडकते, आणि तेवढ्या जागी गोंद कागदाला भिडत नाही. छापलेले कागद एकावर एक न रचता रात्रभर उघडे ठेवावेत. घाई असेल तर लेसर प्रिंट घ्यावी, टोनरला, म्हणजे लेसरच्या कोरड्या भुकटीला, वाळवणं लागत नाही. किंवा पट्टीपुरता रंगीत कागदच वापरावा. चकचकीत फोटो पेपरच्या वाटेला जाऊ नये. 160 ते 200 जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) मॅट कागद बरा.

जाडीवरून वाद झालाच. दिग्दर्शकाला "खऱ्यासारखं कडक" कार्ड हवं होतं. खरं प्लॅस्टिकचं कार्ड 0.76 मिलिमीटर जाड असतं. 125 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पाउचच्या दोन बाजू मिळून पाव मिलिमीटर, मध्ये 200 जीएसएमचा कागद आणखी जवळपास तेवढाच. बेरीज अर्धा मिलिमीटर. लवचीकच लागणार. 250 मायक्रॉनचं पाउच घेतलं तर हिशेब जुळतो, पण घरगुती मशीन बहुधा 125 च्या पुढचं घेत नाही, रोलरमध्ये अडकतं. (पाउचच्या पाकिटावरचा आकडा एका बाजूचा की दोन्हींचा, तेही वाचावं.) कागद जाड करायचा तर 300 जीएसएमपाशी थांबावं, त्यापुढे कागदाच्या कडेला पायरी पडते, फिल्म खाली टेकत नाही आणि भोवती हवेचा बारीक बोगदा राहतो. तसा दिसलाच तर कार्ड पुन्हा मशीनमधून काढायचं आणि गरम असतानाच कडेने पट्टी दाबून फिरवायची. पाउचची बंद बाजू नेहमी आधी आत जाते. उलट घातलं तर फिल्म रोलरला गुंडाळली जाते, मग मशीन खरंच बाद.

मशीन नसेल तर इस्त्री चालते. टाकी रिकामी, वाफ बंद, तापमान मध्यमच्या खाली, वर-खाली बटर पेपर. घासायची नाही, मधून कडेकडे दाबत न्यायची, आणि गार होईपर्यंत कार्ड वजनाखाली ठेवायचं. एक-दोन कार्डांसाठी ठीक. अख्ख्या स्टाफची कार्डं करायला बसाल तर वाकडी निघतील.

क्लिपसाठी स्लॉट 14 बाय 3 मिलिमीटरचा. तो कागदातून पाडला की पुन्हा एक उघडी कड तयार होते, तीही जिथे सगळ्यात जास्त ओढ बसते तिथे. वरचा काठ 9 मिलिमीटर ठेवून स्लॉट पूर्ण फिल्ममध्ये घेतला की प्रश्न मिटतो. कागदाची उंची तेवढी कमी करायची. पाउच मॅटच घ्यावं. चकचकीत फिल्मवर स्पॉटलाइट पडला की चेहऱ्याच्या जागी पांढरा आरसा दिसतो. मॅट मिळालं नाही तर सगळ्यात बारीक स्टील वूलने एकाच दिशेने हलकं घासावं.

मजकुराबद्दल एवढंच, की सहा पॉइंटाच्या बारीक अक्षरात रक्तगट लिहून उपयोग नाही, दुसऱ्या रांगेलाही तो वाचता येत नाही. तिथवर पोचतो तो रंगाचा पट्टा आणि फोटोचा चौकोन. खऱ्या संस्थेचं नाव, बोधचिन्ह, सरकारी मुद्रा वापरायची नाही आणि मागे "फक्त नाट्यप्रयोगासाठी" असं ठळक छापायचं. कलाकार कार्ड गळ्यात घालूनच घरी जातात, हे गृहीत धरावं.

एक कोडं मात्र सुटलेलं नाही. त्याच ढिगातली काही कार्डं, तशीच काठ नसलेली, साफ धड होती. खिशाला लावलेली टिकली म्हणावं, तर वॉर्डबॉयचं कार्ड गळ्यातलं, सतत आपटणारं, तरी शाबूत. माझा संशय कटरच्या पात्यावर आहे. नवं पातं कड स्वच्छ कापतं, बोथट पातं तंतू चेपून उचलतं आणि फाटायची सुरुवात तिथेच करून ठेवतं. आधी कापलेली टिकली, नंतरची सुटली, असं असू शकेल. कोणती आधी कापली, ते कुणालाच आठवत नाही.

शिवाय दुसऱ्या अंकात डॉक्टरने स्वतःचं कार्ड फाडायचं आहे. पॉलिएस्टर हाताने फाटायला सुरुवातच होत नाही. कलाकार लालबुंद होतो आणि प्रेक्षक हसतात. पण कडेला बारीक काप दिला की पुढे सरसर जातं. त्या कार्डासाठी 80 मायक्रॉनचं पाउच, साधा 80 जीएसएमचा कागद, क्लिपच्या आड 3 मिलिमीटरचा काप, आणि रेघ तिरकी पळू नये म्हणून मागच्या बाजूने बोथट सुरीने ओढलेली हलकी खाच. प्रत्येक प्रयोगाला नवं कार्ड. अंक संपला की दोन्ही तुकडे शोधून उचलायचे, कारण फाटलेल्या फिल्मची कड कापते आणि पुढच्या प्रवेशात नायिका अनवाणी आहे.